पोकर ट्रॅकर: निवड, जोडणी आणि पहिल्या काही महिन्यांचा अभ्यास

ऑनलाइन पोकर खेळायला लागलो तेव्हा पहिले सहा महिने मी कसलीच नोंद ठेवली नाही. आपण थोडेफार जिंकतोय याची मला खात्री होती. जिंकलेले मोठे डाव पाठ होते, हरलेले विसरून जायचो, त्यामुळे ही खात्री दिवसेंदिवस पक्कीच होत गेली. मग एका शनिवारी ट्रॅकरची, म्हणजे खेळलेल्या डावांचा हिशेब मांडणाऱ्या सॉफ्टवेअरची, चाचणी आवृत्ती उतरवून घेतली, संगणकावर पडून असलेल्या जुन्या फायली तिच्यात भरल्या आणि दहा मिनिटांत पडद्यावर आकडा आला: दर शंभर डावांमागे सात बिग ब्लाइंडचा तोटा. (दर डावाआधी दोन जागांवर सक्तीने लावायच्या रकमा म्हणजे ब्लाइंड, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड.) बटणावर, म्हणजे शेवटी खेळायच्या फायद्याच्या जागेवर, बसलेलो असताना मी जिंकत होतो आणि दोन्ही ब्लाइंडमधून त्याच्या कितीतरी पट घालवत होतो. आधी कुणी तोंडावर सांगितलं असतं तरी मला ते पटलं नसतं.

नवे खेळाडू ट्रॅकर घेतात ते समोरच्याच्या डोक्यावर आकडे दिसावेत म्हणून. माझा अनुभव असा की त्याचा खरा उपयोग स्वतःचा खेळ तपासण्यासाठी आहे. पुढची सगळी मांडणी त्याच धोरणाने केली आहे.

आधी कायद्याचं बघा

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे ऑनलाइन पोकर परवान्याखाली चालतं, गॅम्बलिंग कमिशनची त्यावर देखरेख असते आणि खेळायला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. भारतात परिस्थिती अगदी वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवणं, त्याची जाहिरात करणं आणि त्याचे पैसे बँकेतून फिरवणं या तिन्हींवर या कायद्याने बंदी आणली. मोठ्या भारतीय साइट्सनी त्याच आठवड्यात पैशांची टेबलं बंद केली.

त्यामुळे पुण्या-नाशिकात बसून हे वाचत असाल तर व्हीपीएन लावून परदेशी साइटवर जायचं मनातही आणू नका. पैसे काढायच्या वेळी ओळखपत्र मागतात, पत्ता जुळत नाही आणि खातं गोठतं. नियम तुम्हीच मोडलेला असल्यामुळे दाद कुठे मागणार? भारतातल्या वाचकाला या लेखाचा उपयोग आहे तो जुन्या साठवलेल्या डावांच्या अभ्यासासाठी. शिक्षणाला किंवा नोकरीला परदेशी निघाला असाल तर तिथे पोचल्यावर. आणि गोव्यातल्या कसिनोत समोरासमोर खेळत असाल तर खालचं गणित वहीत केलेल्या नोंदींनाही तसंच लागू पडतं.

ट्रॅकर म्हणजे नेमकं काय

घरात दुकान असेल तर हे लगेच समजेल. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे ओळीने लिहिले जातात, आणि मग ते खतावणीत खात्यावार मांडले जातात. पोकर साइट प्रत्येक डावाची रोजकीर्द लिहून ठेवते, तिला हँड हिस्टरी म्हणतात. ती साधी मजकुराची फाइल असते: टेबल कोणतं, कोणाकडे किती चिप्स, कोणी किती लावले, कोणती पानं उघडली, शेवटी पॉट (मध्ये जमलेले पैसे) कोणाला गेला. ट्रॅकर त्या फायली वाचून खतावणी तयार करतो. हे समोर खेळणाऱ्या राणेंचं खातं, हे बटणावरचं खातं, हे मोठ्या ब्लाइंडचं खातं. आणि खेळ चालू असताना त्यातले काही आकडे प्रत्येक खेळाडूच्या नावाशेजारी तरंगत दाखवतो, त्याला हड म्हणतात.

म्हणजे रोजकीर्दच नसेल तर खतावणी होणार नाही. सॉफ्टवेअर घेण्याआधी साइट हँड हिस्टरी देते का, हे पाहायचं ते यासाठी.

पहिली पायरी: तुमची साइट काय चालवून घेते

ही पायरी गाळून पैसे भरलेले मला तिघे-चौघे माहीत आहेत. सॉफ्टवेअर चांगलं होतं, पण त्यांच्या साइटवर ते चालतच नव्हतं.

पोकरस्टार्सवर हँड हिस्टरी तुमच्या संगणकावर साठते आणि हड वापरता येतो, मात्र हड काय दाखवू शकतो यावर मर्यादा आहेत. जीजीपोकरवर बाहेरचा हड चालत नाही. त्यांचा स्वतःचा स्मार्ट हड टेबलावर असतो, आणि पोकरक्राफ्ट नावाच्या विभागातून खेळून झाल्यावर तुमचे डाव उतरवून घेता येतात. त्या फायलींत समोरच्या खेळाडूंची खरी नावं नसतात, सांकेतिक अक्षरं असतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास होत नाही, पण स्वतःचा पूर्ण होतो. पार्टीपोकरने २०१९ मध्ये हँड हिस्टरी संगणकावर साठवण्याची सोय काढून घेतली आणि हडचा प्रश्नच मिटवला. इग्निशन आणि बोव्हाडाची टेबलं निनावी असतात, तिथे नावावर आकडे जमवण्याला अर्थ नाही.

नियम बदलत असतात. तुमच्या साइटचं बाह्य साधनांविषयीचं पान स्वतः वाचा, आणि त्यात तीन गोष्टी शोधा: हड चालतो का, डाव उतरवता येतात का, आणि काय वापरल्यास खातं बंद होतं. तिसरी गोष्ट गंभीरपणे घ्या. डाव चालू असताना 'इथे रेज कर (बेट वाढव), इथे फोल्ड कर (डाव सोड)' असं सांगणारं कोणतंही साधन जवळजवळ सगळीकडे बंद आहे. आपण स्वतः न खेळलेले, दुसऱ्यांचे हजारो डाव विकत घेऊन डेटाबेसात भरणं हेही पोकरस्टार्ससह अनेक ठिकाणी निषिद्ध आहे. असे डाव विकणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी पायरी: कोणतं सॉफ्टवेअर

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. नव्या माणसाला पोकरट्रॅकर ४ आणि होल्डेम मॅनेजर ३ यांतलं एक पुरतं. मॅक असेल तर पोकरट्रॅकर घ्या, कारण होल्डेम मॅनेजर ३ फक्त विंडोजवर चालतं. विंडोज असेल तर दोन्हींची १४ दिवसांची मोफत चाचणी असते. ती एकाच वेळी सुरू करू नका, एक संपल्यावर दुसरी घ्या. महिनाभर दोन्ही हाताळून होतात.

हँड२नोट हे तिसरं सॉफ्टवेअर ताकदवान आहे. समोरचा कुठल्या जागेवर बसलाय त्यानुसार त्याचा हड स्वतःच बदलतो, आणि एखाद्या परिस्थितीत लोक कोणत्या पानांनी खेळतात याचा खोल शोध घेता येतो. पण पहिल्या दिवशी त्यात शिरलात तर हरवून जाल. लाखभर डाव झाले की तिकडे बघा.

परवाना घेताना दोन गोष्टी तपासा. होल्डेम आणि ओमाहा या पोकरच्या दोन प्रकारांचे परवाने वेगळे असू शकतात, दोन्ही खेळत नसाल तर एकाचाच घ्या. आणि छोट्या स्टेकसाठी स्वस्त परवाना आहे का ते पाहा. एक-दोन सेंटच्या टेबलावर खेळणाऱ्याने मोठ्या स्टेकचा परवाना घेतला तर ते पैसे वसूल व्हायलाच वर्ष जाईल. फुकट मिळणाऱ्या चोरट्या आवृत्तीपासून मात्र चार हात लांब राहा. ज्या संगणकावर तुमच्या पोकर खात्याचा पासवर्ड टाइप होतो, त्यावर कुणीतरी फोडलेलं सॉफ्टवेअर चढवणं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणं.

तिसरी पायरी: जोडणी

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जसा मी करतो तसाच देतो. उदाहरण पोकरस्टार्सचं.

आधी पोकर सॉफ्टवेअर उघडा, सेटिंग्जमध्ये प्लेइंग हिस्टरीचा विभाग असतो, तिथे हँड हिस्टरी साठवण्याच्या चौकोनात खूण करा. भाषा इंग्रजीच ठेवा, कारण ट्रॅकर ठराविक इंग्रजी शब्द शोधत फाइल वाचतो. ठराविक दिवसांनी जुन्या फायली पुसण्याचा पर्याय चालू असेल तर बंद करा. स्पर्धा खेळत असाल तर टुर्नामेंट समरी साठवण्याचा वेगळा चौकोन असतो, त्यावरही खूण करा. नाहीतर बक्षिसाचा हिशेब जुळत नाही आणि चूक कुठे आहे ते लवकर सापडत नाही.

मग ट्रॅकर चढवा. त्याच्याबरोबर पोस्टग्रेएसक्यूएल नावाची डेटाबेस प्रणाली येते, तिला नकार देऊ नका, सगळी खतावणी त्यातच राहते. संगणकात एसएसडी असेल तर डेटाबेस तिच्यावर ठेवा. पन्नास हजार डावांनंतर फरक जाणवायला लागतो.

ट्रॅकर स्वतः फोल्डर शोधतो, पण त्याच्यावर विसंबू नका. साइटच्या सेटिंगमधला फोल्डरचा पत्ता आणि ट्रॅकरमधला पत्ता शेजारी शेजारी ठेवून वाचा. एका अक्षराचा फरक असेल तरी डाव येणार नाहीत.

आता सर्वांत छोट्या टेबलावर जाऊन दहा डाव खेळा, आणि प्रत्येक डावानंतर कागदावर एक रेघ मारा. उठल्यावर ट्रॅकरमधली डावांची संख्या पाहा. कागदावर दहा आणि पडद्यावर दहा असेल तर जोडणी झाली. चिप्सचा नफातोटाही जुळवून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या सगळ्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हाच आधार.

जाता जाता बॅकअपचं सांगून टाकतो. मूळ हँड हिस्टरीचा फोल्डर दर आठवड्याला बाहेरच्या ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर नकलून ठेवा. डेटाबेस खराब झाला तर या फायलींमधून तो पुन्हा उभा करता येतो. रोजकीर्द हातात असेल तर खतावणी परत लिहिता येते, रोजकीर्दच गेली तर काहीच करता येत नाही. मात्र खेळाडूंवर लिहिलेल्या टिपणी आणि हडची मांडणी या फायलींत नसते, त्या वेगळ्या निर्यात करून ठेवाव्या लागतात. माझा जुना लॅपटॉप बसला तेव्हा डाव सगळे वाचले आणि दोन वर्षांच्या टिपणी गेल्या.

चौथी पायरी: हड लावायची घाई नको

पहिला आठवडा हड बंद ठेवून खेळा. ट्रॅकर मागे नोंदी करत राहू दे. एक तर हडमध्ये दाखवायला अजून आकडेच जमलेले नसतात. दुसरं, नवा माणूस हड लावला की पानांकडे आणि पॉटकडे बघायचं सोडून आकड्यांकडेच बघत बसतो.

आठवड्यानंतर हड चालू करा आणि तयार मांडणीतले वीस-पंचवीस आकडे काढून टाका. ठेवायचे ते एवढेच: त्या खेळाडूचे एकूण डाव किती पाहिले, व्हीपीआयपी, पीएफआर, थ्री-बेट (समोरच्याच्या रेजवर पुन्हा रेज), आणि फ्लॉपवरच्या सी-बेटला फोल्ड. फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडणारी पहिली तीन सामाईक पानं, आणि आधी रेज केलेल्यानेच तिथे पुन्हा लावलेली बेट म्हणजे सी-बेट.

व्हीपीआयपी म्हणजे शंभरातल्या किती डावांत माणूस आपण होऊन पैसे लावतो. ब्लाइंड सक्तीचे असल्यामुळे ते यात धरत नाहीत. पीएफआर म्हणजे फ्लॉपच्या आधी किती वेळा रेज करतो. हे दोन आकडे नेहमी जोडीने वाचायचे. सहा जणांच्या टेबलावर बरा खेळणारा माणूस २४ आणि २० च्या आसपास सापडतो. ५० आणि ५ दिसलं तर समजा हा गृहस्थ अर्ध्या डावांत शिरतो आणि बहुतेक वेळा नुसता कॉल करतो, म्हणजे समोरच्याएवढेच पैसे लावतो. त्याच्याशी चांगल्या पानांवर मोठी बेट लावा, ब्लफ करू नका. १२ आणि १० दिसलं तर तो पानांची वाट बघत बसलेला आहे, त्याचे ब्लाइंड उचलायला सोपे, आणि त्याने उलटून रेज केलं तर बाजूला व्हायचं. दोन आकड्यांत अंतर फार असेल तर खेळ निष्क्रिय, अंतर थोडं असेल तर आक्रमक. सुरुवातीला एवढं वाचता आलं तरी पुष्कळ झालं.

थ्री-बेट जरा जवळून पाहू, कारण यातच आकड्याचं पानांत रूपांतर करायला शिकता येतं. बावन्न पानांतून दोन पानांचे १३२६ वेगवेगळे हात होतात. कोणतीही जोडी सहा प्रकारे येते आणि एक्का-राजा सोळा प्रकारे. समोरच्याचा थ्री-बेट ३ टक्के असेल तर १३२६ चे ३ टक्के म्हणजे सुमारे ४० हात. गुलाम, राणी, राजा, एक्का यांच्या जोड्या मिळून २४, त्यात एक्का-राजाचे १६ मिळवले की बरोबर ४०. म्हणजे अगदी सरळ खेळणारा तीन टक्केवाला माणूस याच पानांवर रेज करतोय असं धरायला हरकत नाही.

आता तुमच्या हातात एक्का-राणी आहे. एक एक्का आणि एक राणी तुमच्याकडे असल्यामुळे त्याचे हात कमी होतात: एक्क्यांची जोडी तीन प्रकारे, राण्यांची तीन, राजांची सहा, गुलामांची सहा, एक्का-राजा बारा. एकूण तीस. या तिसांपैकी एकाही हातापुढे तुमची एक्का-राणी नाही. फोल्ड करायला आणखी काय हवं? त्याच जागी थ्री-बेट ११ टक्के असता तर त्याच्याकडे १४५ च्या आसपास हात असते आणि त्यांतले बरेचसे तुमच्या मागे असते. पानं तीच, पण निर्णय वेगळा. हे गणित दोन-तीनदा स्वतः कागदावर करा, मग हडवरचा आकडा पाहिला की पानं डोळ्यांसमोर यायला लागतात.

पाचवी पायरी: किती डावांवर विश्वास ठेवायचा

वरच्या एक्का-राणीनेच मला हा धडा दिला. हडवर एका खेळाडूचा थ्री-बेट ११ दिसत होता. मी ओपन केलं (पहिलं रेज), त्याने रेज केलं, मी पुन्हा रेज केलं, त्याने सगळे चिप्स ढकलले आणि मी 'अकरा टक्के' म्हणत कॉल केला. त्याने दोन राजे दाखवले. डाव संपल्यावर मी त्या आकड्यावर माउस नेला. खाली लिहिलं होतं: १८ पैकी २. अठरा संधींमध्ये दोनदा, एवढ्यावर तो अकरा उभा होता. त्यातल्या एका डावात त्याने रेज केलं नसतं तर साडेपाच दिसला असता. महिनाभरानंतर सातशे डावांवर त्याचा आकडा ४ होता.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. पत्त्यांत प्रत्येक शीत वेगळं. मूळ व्हीपीआयपी २५ असलेला माणूस घ्या. वीस डावांत तो सरासरी पाच वेळा पैसे लावेल. पण अशी दहा माणसं पाहिलीत तर त्यांतला एखादा वीसपैकी आठ किंवा जास्त वेळा लावताना दिसेल आणि हड त्याला ४० म्हणेल. तो सैल खेळाडू नाही, त्याला त्या अर्ध्या तासात पानं चांगली आली एवढंच.

माझी ढोबळ मापं अशी आहेत. व्हीपीआयपी आणि पीएफआर शंभर डावांनंतर वाचण्याजोगे होतात. थ्री-बेटला निदान पाचशे ते हजार डाव हवेत, कारण संधीच कमी येते. फ्लॉपच्या पुढचं काहीही हजार डावांच्या आत वाचू नये, आणि रिव्हरवरचे (शेवटचं सामाईक पान उघडल्यानंतरचे) आकडे तर बहुतेक प्रतिस्पर्ध्यांसाठी कधीच पुरेसे जमत नाहीत. म्हणून माझ्या हडमध्ये रिव्हरचा एकही आकडा नाही. झूमसारख्या टेबलांवर दर डावाला माणसं बदलतात, तिथे हे जमायला आणखी वेळ लागतो.

शंका आली की आकड्यावर माउस न्या आणि किती संधींपैकी किती वेळा, ते वाचा. दोन सेकंद लागतात.

सहावी पायरी: आलेख वाचणं

आठवडाभर खेळलात की आलेख उघडायचा मोह होईलच. त्यात हिरवी रेघ तुमचा एकूण नफातोटा दाखवते. निळी रेघ पानं दाखवून जिंकलेले-हरलेले पैसे, लाल रेघ पानं न दाखवता आलेले-गेलेले पैसे. चौथी, पिवळसर किंवा नारिंगी, सगळे चिप्स मध्ये गेल्यानंतर सरासरीने काय मिळायला हवं होतं ते सांगते.

ही चौथी रेघ नीट समजून घ्या. तुमच्याकडे एक्क्यांची जोडी, समोर राजांची, दोघांचे शंभर-शंभर ब्लाइंड फ्लॉपआधीच मध्ये. तुम्ही सुमारे ८२ टक्के वेळा जिंकता, म्हणजे दोनशेच्या पॉटमधला १६४ चा वाटा तुमचा. लावलेले शंभर वजा करा, सरासरी नफा ६४. या वेळी राजा लागला आणि तुम्ही हरलात तर हिरवी रेघ १०० ने खाली जाते, चौथी मात्र ६४ ने वर. त्या दिवशी मनाला तेवढा आधार मिळतो. पण ती सगळं नशीब मोजत नाही. तुम्हाला पानंच वाईट आली, किंवा प्रत्येक वेळी तुमच्या सेटसमोर (तीन सारख्या पानांसमोर) मोठा सेट निघाला, हे तिला कळत नाही.

लाल रेघ खाली जाते म्हणून घाबरून ब्लफ वाढवणारे पुष्कळ आहेत. छोट्या स्टेकवर जिंकणाऱ्या अनेकांची लाल रेघ उतरतीच असते. तिथे लोक कॉल करतात, त्यामुळे पैसे पानं दाखवूनच येतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये चढउतार इतके असतात की प्रमाण विचलन (आकडा सरासरीपासून साधारण किती हलतो त्याचं माप) शंभर डावांमागे ९० बिग ब्लाइंडच्या आसपास येतं. दहा हजार डाव म्हणजे शंभराचे शंभर गठ्ठे. ९० ला शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे १० ने भागा, उत्तर ९. अंदाज सुरक्षित राहावा म्हणून दुप्पट करा, १८. याचा अर्थ दहा हजार डावांनंतर ट्रॅकर शंभर डावांमागे ५ ब्लाइंडचा नफा दाखवत असेल, तर तुमचा खरा आकडा उणे १३ ते अधिक २३ यांत कुठेही असू शकतो. लाख डावांवर हीच तफावत सहाच्या आत येते. पन्नास डॉलर वर गेलात म्हणून दुप्पट स्टेकवर उडी मारू नका, आणि आठवडा वाईट गेला म्हणून खेळ मोडीत काढू नका.

याची दुसरी बाजूही आहे. लाखभर डावांनंतर शंभरामागे दहाचा तोटा दिसत असेल तर तिथे नशिबाला बोल लावायला जागा उरत नाही. छोट्या स्टेकवर साइटची रेकच (पॉटमधून साइट कापून घेते तो वाटा) बरीच मोठी असते, ट्रॅकरमध्ये तिचं वेगळं खातं असतं, ते उघडून पाहा. आणि हरलेले भरून काढायला रात्री दोन वाजता पुन्हा टेबल उघडलं जात असेल, तर सत्रांच्या यादीतल्या वेळा ते स्पष्ट दाखवतात. माझ्या ओळखीच्या एकाने तीच यादी पाहून खेळ थांबवला. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर एकदा नाव नोंदवलं की परवाना असलेल्या सगळ्या साइट्स त्या मुदतीत तुम्हाला खेळू देत नाहीत. त्याने तेच केलं आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

सातवी पायरी: स्वतःची गळती शोधणं

वीस-तीस हजार डाव झाले की खरं काम सुरू होतं. आठवड्यातला एक तास यासाठी राखा, खेळायचा नाही, नुसता पाहायचा.

पहिला अहवाल जागेनुसार. नवा माणूस तो उघडतो आणि ब्लाइंडसमोर लाल आकडे पाहून हादरतो. ब्लाइंडमध्ये तोटा सगळ्यांनाच होतो, प्रश्न किती होतो हा. मोठ्या ब्लाइंडवर प्रत्येक डाव डोळे झाकून फोल्ड केला तर शंभर डावांमागे बरोबर १०० ब्लाइंड जातील. छोट्यावर ५०. ही तुमची मोजपट्टी. मोठ्या ब्लाइंडवर उणे ४० च्या आसपास असाल तर ठीक चाललंय. माझा आकडा उणे ७१ होता.

मग गाळणी (फिल्टर) लावायची, म्हणजे ठराविक परिस्थितीतले डाव तेवढे वेगळे काढायचे. मी निवडलं: मी मोठ्या ब्लाइंडवर, बटणाने ओपन केलंय, मी कॉल केलंय, फ्लॉपवर त्याने बेट लावलीय. ट्रॅकरने सांगितलं की अशा जागी मी ५८ टक्के वेळा फोल्ड करतोय. आता त्याच्या बाजूने हिशेब मांडा. बटणाचे अडीच, माझे अडीच, छोट्या ब्लाइंडचा अर्धा, पॉट साडेपाचचा. तो १.८ ची बेट लावतो. मी चारात एकदा फोल्ड केलं तरी त्याची बेट फुकटात सुटते, कारण १.८ लावून ५.५ मिळवायचेत. मोठ्या ब्लाइंडची पानं बटणापेक्षा कमकुवत असतात, त्यामुळे थोडं जास्त फोल्ड होणारच. पण ५८ म्हणजे समोरच्याला कुठलीही दोन पानं पुरत होती.

त्यानंतर मी तेच डाव एकेक करून परत चालवून पाहिले. ट्रॅकरमध्ये रिप्लेअर असतो, त्यात डाव जसाच्या तसा उलगडतो. चाळीस डाव पाहिल्यावर नमुना दिसला. फ्लॉपवर जोडी लागली नाही की मी सोडून देत होतो, मग हातात एक्का असो, मधलं एक पान येऊन सीक्वेन्स लागण्याची आशा असो, की त्याच रंगाची दोन पानं मागून येण्याची. एका वहीत मी असे सोडलेले हात लिहून काढले आणि महिनाभर एकच बदल केला: छोट्या बेटसमोर, पानं सुधारण्याची वाट असेल तर एकदा कॉल. बाकी खेळ होता तसाच ठेवला. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या असत्या तर कोणत्या बदलाने काय झालं हे समजलं नसतं.

स्पर्धा खेळणाऱ्यांनी गाळणीत चिप्सची खोलीही घालावी. शंभर ब्लाइंडवरचा आणि पंधरा ब्लाइंडवरचा खेळ एकाच सरासरीत मिसळला की निघणारा आकडा कुठल्याच परिस्थितीला लागू पडत नाही.

तीन महिन्यांनी फ्लॉपवरचा तो ५८ आकडा ४३ वर आला. मोठ्या ब्लाइंडचा तोटा उणे ७१ वरून उणे ५० वर दिसतोय. वर सांगितलेलं विचलन धरलं तर यातला सगळाच सुधार माझा आहे असं मी म्हणणार नाही. फोल्डचा आकडा मात्र माझ्या हातातला आहे आणि तो खरोखर बदलला आहे. या महिन्यात गाळणी छोट्या ब्लाइंडवर लावली आहे. तिथे मी नुसता कॉल करून फार वेळा फ्लॉप पाहतोय, आणि पहिले तीस डाव रिप्लेअरमध्ये रांगेत लावून ठेवले आहेत.